कमी-जास्त वेगाच्या इंटरनेटवर मार्गदर्शनाचे व्हिडिओ कसे पोचवावेत?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : नागपुरातील आपली संस्था संत्रा बागायतदारांना छाटणी, बहार व्यवस्थापन आणि कीड-रोग यांविषयी व्हिडिओ व छायाचित्रांच्या साहाय्याने सल्ला देते. कार्यालयातल्या फायबरवर सगळे सुरळीत चालते. परंतु काटोल, नरखेड, सावनेर, कळमेश्वर या तालुक्यांतून तक्रारी येतात की व्हिडिओ सुरूच होत नाही, नुसते गोल फिरत राहते. यावर उपाय म्हणून जलद नेटवाल्यांसाठी एक आणि मंद नेटवाल्यांसाठी एक अशी दोन अ‍ॅप काढावीत का, सर्व्हर मुंबईहून नागपुरात आणावा का, की सगळे यूट्यूबवर टाकून मोकळे व्हावे, असे आपण विचारले आहे.

दोन अ‍ॅप काढू नयेत. ‘जलद वापरकर्ता’ आणि ‘मंद वापरकर्ता’ असे दोन गट प्रत्यक्षात नसतात. तोच शेतकरी सकाळी गावात घरी बसलेला असताना त्याला दहा एमबीपीएस (सेकंदाला दहा मेगाबिट) मिळतात, दुपारी बागेत झाडाखाली उभा असताना रेंज एका दांडीवर येऊन तीनशे केबीपीएसही (हजार केबीपीएस म्हणजे एक एमबीपीएस) मिळत नाहीत, आणि संध्याकाळी दिवसाचा डेटा संपला की बहुतेक पॅकमध्ये वेग ६४ केबीपीएसवर आणून ठेवलेला असतो. कोणते अ‍ॅप घ्यायचे हे त्याला एकदाच ठरवायला लावले, तर दिवसाच्या कोणत्या ना कोणत्या वेळी तो चुकीच्या अ‍ॅपमध्ये अडकलेला राहील. शिवाय दोन अ‍ॅप म्हणजे दोन ठिकाणी दुरुस्त्या, आणि अनुभव असा की वर्षभरात हलक्या अ‍ॅपकडे लक्ष देणारे कोणी उरत नाही. एकच मजकूर अनेक वजनांत, म्हणजे लहान-मोठ्या आकारांत, तयार ठेवावा आणि त्या क्षणी कोणते वजन पेलेल याचा निर्णय फोनमधल्या प्लेअरवर सोडावा, कारण वाटेतल्या सगळ्या यंत्रांपैकी खरा वेग फक्त त्यालाच कळतो.

बहुतेक संस्था ही वजने वरून खाली ठरवतात, म्हणजे उत्तम व्हिडिओ काढतात आणि मग तो लहान-लहान करत जातात. माझा आग्रह खालून वर जाण्याचा आहे. तळ म्हणजे ते ६४ केबीपीएस, अर्थात सेकंदाला ८ किलोबाइट. या वेगाने २ एमबीचे एक साधे वेबपान उघडायला २५० सेकंद, म्हणजे चार मिनिटांहून अधिक वेळ लागतो, आणि इतका वेळ कोणी थांबत नाही. दूरसंचार नियामक टीआरएआयच्या शिफारशीनंतर २०२३ मध्ये ब्रॉडबँडच्या व्याख्येतला किमान वेग २ एमबीपीएस करण्यात आला ही चांगली गोष्ट आहे. परंतु ती व्याख्या जोडणीची आहे, रात्री आठ वाजता डेटा संपलेल्या फोनला तिचा उपयोग नाही.

तेव्हा सल्ल्यातले नेमके काय पोचायला हवे, हे आधी पाहावे. बोर्डो पेस्टच्या पाच मिनिटांच्या व्हिडिओत शेतकऱ्याला मुख्यतः एक ओळ हवी असते : १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी. युनिकोडच्या यूटीएफ-८ या रूपात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते, तरी ही ओळ दीडशे बाइटच्या आत बसते. काळ्या माशीचे उलट आहे. तिची अंडी पानाच्या खालच्या बाजूला वळणावळणाच्या रेषेत घातलेली असतात आणि ती ओळखता येण्यासाठी बारकावा लागतो. २४०पी (२४० ओळींच्या चित्राच्या) व्हिडिओत ते पान म्हणजे नुसता हिरवा डाग दिसतो, मग तो कितीही न अडखळता चालो. तेथे हलणारे चित्र मुळातच नको, एक स्वच्छ स्थिर छायाचित्र हवे. सल, म्हणजे वाळलेल्या फांद्या, काढताना कात्री कोठे लावायची आणि हात कसा फिरवायचा, हे मात्र हलत्या चित्राशिवाय समजत नाही, म्हणून तेथे व्हिडिओवर बिट खर्च करणे रास्त आहे. ही निवड कोणतेही सॉफ्टवेअर करून देत नाही. ज्याला शेती कळते त्यानेच ती करायची असते, आणि माझ्या मते या सगळ्या कामात सर्वाधिक फायदा याच निवडीतून होतो.

यातून सर्वांत खालची पायरी आपोआप ठरते : आवाज आणि छायाचित्रे. बोलण्याचा आवाज एचई-एएसी पद्धतीने ३२ केबीपीएसमध्ये पुरेसा स्पष्ट राहतो, म्हणजे पाच मिनिटांच्या सल्ल्याला जेमतेम १.२ एमबी लागतात. ६४ पैकी ३२ आवाजाने घेतले आणि थोडे प्रोटोकॉलच्या (डेटा पाठवण्याच्या नियमांच्या) वेष्टनात गेले, तरी २५ केबीपीएस हाताशी उरतात. त्यांत ६० केबीचे एक छायाचित्र साधारण वीस सेकंदांत येते, म्हणजे पाच मिनिटांत पंधरा छायाचित्रे. पंधरा नीट निवडलेल्या छायाचित्रांवर जाणकाराचा आवाज चालू असेल, तर डेटा संपलेल्या फोनवरही तो सल्ला न थांबता ऐकता-पाहता येतो. छायाचित्रे आवाजाच्या आधी थोडी लवकर मागवून ठेवावीत, म्हणजे ‘हे पान पाहा’ असे म्हणताना पान समोर असते.

त्यावरच्या पायऱ्या व्हिडिओच्या. येथे नवे काही शोधायचे नाही. अ‍ॅपलची एचएलएस ही पद्धत २००९ पासून आणि एमपेग-डॅश हे प्रमाण २०१२ पासून उपलब्ध आहे. दोन्हींचे तत्त्व एकच : व्हिडिओ काही सेकंदांच्या तुकड्यांत कापायचा, प्रत्येक तुकडा अनेक दर्जांत बनवायचा, आणि कोणता दर्जा कोठे ठेवला आहे याची यादी असलेली एक छोटी फाइल फोनला आधी द्यायची. फोन एक तुकडा उतरवतो, त्याला किती वेळ लागला ते मोजतो, पुढच्या तुकड्यासाठी पायरी निवडतो. आपल्या व्हिडिओंसाठी मी १५० केबीपीएसला २४०पी, ३५० ला ३६०पी, ७०० ला ४८०पी आणि १४०० ला ७२०पी अशा चार पायऱ्या ठेवीन. १०८०पीची गरज नाही. आपला प्रेक्षक फोनवर पाहणारा आहे आणि एवढ्याशा पडद्यावर तो फरक जाणवत नाही, डेटाचे बिल मात्र जाणवते. मोबाइल जाळ्यावर पाठवायच्या एचएलएसमध्ये १९२ केबीपीएस किंवा त्याहून कमी कमाल दराची एक तरी पायरी असलीच पाहिजे, असे अ‍ॅपलची मार्गदर्शिका सांगते. १५० ची पायरी बनवताना हा कमाल दरही सांभाळावा.

प्लेअर मोजलेला सगळा वेग वापरत नाही, हेही पायऱ्या ठरवताना लक्षात घ्यावे. अँड्रॉइड अ‍ॅपमध्ये सर्रास वापरला जाणारा एक्सोप्लेअर मोजलेल्या वेगाचा ०.७ भागच वापरण्याजोगा धरतो. म्हणजे ३५० ची पायरी मिळायला फोनला ५०० केबीपीएस मिळावे लागतात. दोन पायऱ्यांमध्ये दुपटीहून फार जास्त अंतर ठेवले, तर मधल्या वेगाचे लोक उगीच खालच्या पायरीवर राहतात. फार जवळ ठेवल्या, तर प्लेअर सारखा वर-खाली करत राहतो आणि पाहणाऱ्याला त्याचाच त्रास होतो. सुरुवात खालून दुसऱ्या पायरीने करावी. पहिल्या दोन सेकंदांत थोडे धूसर चित्र लोक खपवून घेतात, गोल फिरणारे चाक खपवून घेत नाहीत.

तुकड्याची लांबी अ‍ॅपल सहा सेकंद सुचवते आणि आधीच चित्रित करून ठेवलेल्या मजकुरासाठी ती योग्यच आहे. थेट प्रक्षेपणासाठी दोन सेकंदांचे तुकडे करण्याची पद्धत पाहून येथेही तसेच करण्याचा मोह होतो, पण मंद जोडणीवर प्रत्येक तुकड्यामागे एक जादा मागणी आणि तिची वाट पाहणे पदरी पडते. एक तांत्रिक गोष्ट मात्र काटेकोरपणे पाळावी : सर्व पायऱ्यांमध्ये की-फ्रेम (मागच्या चित्रावर न विसंबणारी पूर्ण चित्रे) एकाच क्षणाला आल्या पाहिजेत, उदाहरणार्थ दर दोन सेकंदांनी. एफएफएमपेगला (व्हिडिओचे रूपांतर करणारे सॉफ्टवेअर) हे स्पष्ट सांगावे लागते, नाहीतर तो दृश्य बदलेल तेथे आपल्या मर्जीने की-फ्रेम टाकतो, आणि मग पायरी बदलताना चित्र अडखळते किंवा काही सेकंद मागे जाते.

कोडेकविषयी, म्हणजे व्हिडिओ आकसवण्याच्या पद्धतीविषयी, फार विचार करू नये. एच.२६४ हे २००३ चे प्रमाण असले तरी स्वस्तातल्या फोनमध्येही त्याच्यासाठी चिपमध्येच सोय असते. एव्ही१ हा नवा कोडेक बिट वाचवतो हे खरे, पण ज्या फोनमध्ये त्याची हार्डवेअर सोय नाही तेथे तो बॅटरी खातो, आणि नेमके असेच फोन मंद जोडणीवर जास्त असतात. त्यापेक्षा चित्रीकरण सुधारावे. वाऱ्यावर हलणारी संत्र्याची दाट पालवी हे एन्कोडरला सर्वांत जड जाणारे दृश्य आहे, कारण प्रत्येक पान दर फ्रेमला जागा बदलते आणि मागच्या फ्रेमवरून पुढची अंदाजता येत नाही. फोन तिकाटण्यावर ठेवावा, वारा पडलेल्या वेळी चित्रीकरण करावे, फांदीच्या मागे गोणपाट किंवा एकरंगी चादर धरावी. एवढ्यानेच १५० केबीपीएसची पायरी पाहण्याजोगी होते. प्रत्येक व्हिडिओच्या स्वभावानुसार पायऱ्या ठरवण्याची पद्धत नेटफ्लिक्सने २०१५ मध्ये मांडली ती याच कारणासाठी. आपल्याला तेवढी यंत्रणा नको. बोलणाऱ्या माणसाचे आणि झाडाचे असे दोन साचे ठेवले तरी पुरे.

जाता जाता : काही जुने व्हिडिओ अजून अखंड एमपी४ फाइल म्हणूनच दिले जात असतील, तर त्यांत ‘फास्टस्टार्ट’ केले आहे का ते पाहावे. फाइलमधली अनुक्रमणिका शेवटी असेल, तर प्लेअरला चित्र दाखवण्याआधी त्या शेवटापर्यंत पोचावे लागते. फोनने काढलेली मूळ फाइल तशीच चढवण्याची सवय तर मोडूनच काढावी. १०८०पीमध्ये तिचे मिनिटाला शंभर-सव्वाशे एमबी होतात.

आता सर्व्हरच्या जागेविषयी. प्रकाशीय तंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. नागपूर-मुंबई अंतर रस्त्याने आठशे किलोमीटरच्या आसपास धरले, तर जाऊन येण्याला साधारण ८ मिलिसेकंद लागतात, म्हणजे सर्व्हर नागपुरात आणून फार तर एवढेच वाचतील. फोन आणि टॉवर यांच्यामधला हवेतला टप्पाच त्याच्या कितीतरी पट वेळ घेतो. तेही वाचतील याची खात्री नाही, कारण मोबाइलची रहदारी मोठ्या इंटरनेटवर जेथे बाहेर पडते ते ठिकाण आपल्या शहरातच असते असे नाही, आणि एका कंपनीच्या जाळ्यातून दुसरीच्या जाळ्यात जाताना पॅकेट (डेटाचे छोटे गठ्ठे) मुंबईला जाऊन परत येण्याचे प्रकार नित्याचे आहेत. त्यातून कार्यालयातल्या जोडणीवर सर्व्हर ठेवला आणि शंभर जणांनी ३५० ची पायरी एकदम मागितली, तर ३५ एमबीपीएस सतत बाहेर पाठवावे लागतील, आणि वीज गेली की सगळेच बंद.

सर्व्हर परदेशात असेल तर मात्र तो आजच हलवावा. १९९७ मध्ये मॅथिस आणि सहकाऱ्यांनी टीसीपी या डेटा पोचवण्याच्या नेहमीच्या पद्धतीच्या वेगाचे एक सोपे सूत्र मांडले : वेग हा फेरीच्या (जाऊन येण्याच्या) वेळेच्या आणि हरवणाऱ्या पॅकेटच्या प्रमाणाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असतो. शंभरातले एक पॅकेट हरवते असे धरले आणि फेरीला ६० मिलिसेकंद लागत असले, तर एका जोडणीवर सुमारे २.४ एमबीपीएस मिळतात. हरवण्याचे प्रमाण तेच ठेवून फेरी २६० मिलिसेकंदांची केली, म्हणजे सर्व्हर अमेरिकेत आहे असे समजले, तर ते साडेपाचशे केबीपीएसवर येतात. शेतकऱ्याच्या पॅकमध्ये आणि टॉवरमध्ये काहीही न बदलता चित्र ७२०पीवरून ३६०पीवर घसरते. आजचे टीसीपी या सूत्राहून थोडे वेगळे वागते, पण दिशा हीच. अ‍ॅमेझॉनने २०१६ मध्ये आणि गुगलने २०१७ मध्ये मुंबईत आपापली क्लाउड केंद्रे सुरू केल्यापासून परदेशी सर्व्हरला आपल्यासारख्यांसाठी काही सबब उरलेली नाही.

मूळ सर्व्हर मुंबईत आणि त्याच्यापुढे एखादे सीडीएन, ही मांडणी पुरेशी आहे. सीडीएन म्हणजे वापरकर्त्यांच्या जाळ्याजवळ ठेवलेल्या साठवण-सर्व्हरांची मालिका. काटोलच्या एकाने मागितलेला तुकडा तेथे साठून राहतो आणि पुढच्या मागणाऱ्याला मुंबईपर्यंत न जाता मिळतो. एकदा बनलेला तुकडा कधी बदलत नाही, तेव्हा त्याची साठवण-मुदत एक वर्ष ठेवावी, दुरुस्ती झाली तर फाइलचे नावच बदलावे, आणि यादीची फाइल मात्र काही मिनिटांचीच ठेवावी. येथे एक चूक मी वारंवार पाहिली आहे. एका संस्थेने कोणी काय पाहिले ते कळावे म्हणून प्रत्येक तुकड्याच्या पत्त्यात वापरकर्त्याचा क्रमांक जोडला होता. सीडीएनच्या दृष्टीने पत्ता वेगळा म्हणजे वस्तू वेगळी. त्यामुळे हजार जणांसाठी तोच तुकडा हजार वेळा मूळ सर्व्हरवरून येत होता आणि सीडीएनचे पैसे वर द्यावे लागत होते. नोंद ठेवायची ती प्लेअरकडून वेगळी पाठवावी, पत्ता सर्वांचा एकच असावा.

सीडीएनवर एचटीटीपी/३ ही वेबच्या प्रोटोकॉलची नवी आवृत्ती सुरू करावी. बहुधा ती एक कळ दाबण्याची गोष्ट असते. त्याखालचा क्विक प्रोटोकॉल जोडणी उघडायला कमी फेऱ्या घेतो, आणि फोन घरच्या वायफायवरून मोबाइल डेटावर गेला तरी जोडणी तुटू न देण्याची सोय त्यात आहे, जी बागेकडे निघालेल्या माणसासाठी कामाची आहे. स्वतःच्या लिनक्स सर्व्हरवर बीबीआर ही गर्दी-नियंत्रण पद्धतही लावून पाहावी, कारण ती प्रत्येक हरवलेल्या पॅकेटला गर्दीचे लक्षण समजून वेग पाडत नाही.

पानाच्या बाबतीत दोनच गोष्टी सांगतो. नवी जोडणी पहिल्या फेरीत सुमारे १४ केबीच पाठवते, तेव्हा सल्ल्याचा मजकूर आणि आवाजाची कळ तेवढ्यात, संकुचित रूपात, बसवावी; देवनागरी मजकूर ब्रॉटली या संकोचन-पद्धतीने चांगला आकसतो. आणि देवनागरी वेबफाँट पाठवण्याचा सोस सोडावा, कारण अँड्रॉइड फोनमध्ये नोटो हा फाँट आधीच असतो. माहितीपत्रके स्कॅन करून पीडीएफ म्हणून चढवण्याऐवजी टंकलिखित ठेवावीत, हे वेगळे सांगायला नको. तरी सांगतो, कारण सर्वांत जास्त एमबी तेथेच वाया गेलेले आढळतात.

ब्राउझरला ‘तुझे नेट कसे आहे’ असे विचारण्याची सोयही आहे, पण तिच्यावर पायरी ठरवू नये. ती क्रोम आणि त्याच्या भाईबंदांतच चालते, आयफोनवर मिळत नाही, आणि तिच्या वर्गवारीत ‘४जी’च्या वर काही नाही, त्यामुळे ८०० केबीपीएसवाला आणि ८० एमबीपीएसवाला एकाच खान्यात पडू शकतात. वापरकर्त्याने फोनमध्ये डेटा सेव्हर सुरू ठेवला असल्याचा संकेत मात्र जरूर मानावा. तो अंदाज नसतो, त्याने स्वतः घेतलेला निर्णय असतो.

बऱ्याच शेतकऱ्यांचा दिवसाचा कोटा रात्री बाराला नव्याने सुरू होतो आणि आदल्या दिवशीचा उरलेला वाया जातो. म्हणून प्रत्येक व्हिडिओखाली ‘रात्री उतरवून ठेवा’ अशी कळ द्यावी. उतरवणे मध्येच तुटले, तर पुन्हा पहिल्यापासून सुरू न होता तेथूनच पुढे चालावे. सर्व्हर फाइलचा मधला भाग देऊ शकतो का ते त्यासाठी तपासावे. परवानगी न घेता परस्पर काही उतरवू नये, कारण तो डेटा त्याच्या पैशाचा आहे.

गारपिटीच्या इशाऱ्यासारखा निरोप व्हिडिओत घालूच नये. फेब्रुवारी-मार्चमध्ये असा इशारा गेला की सगळे एकाच मिनिटात अ‍ॅप उघडतात. पूर्ण निरोप सूचनेच्या दोन ओळींतच असावा आणि दुव्याची गरज पडू नये.

मोजणी करताना सरासरीवर विसंबू नये. नागपूर शहरातले फायबरवाले सरासरी वर ओढतात आणि नरखेडचा माणूस तिच्यात दिसेनासा होतो. तालुकावार आकडे काढावेत, व्हिडिओ सुरू होईपर्यंतचा वेळ आणि थांबून राहिलेला वेळ यांचा ७५ वा व ९० वा शततमक (शंभरातल्या ७५ किंवा ९० जणांचा वेळ ज्याच्या आत असतो तो आकडा) पाहावा. त्याहूनही फसवी गोष्ट अशी की ज्याच्याकडे पान उघडलेच नाही, त्याच्याकडून मोजणीचा आकडा येतच नाही; अ‍ॅप सगळ्यात वाईट जेथे चालते, तेथलीच नोंद गहाळ असते. म्हणून सीडीएनच्या नोंदींतून किती जणांनी यादीची फाइल मागितली आणि त्यांपैकी किती जण दुसऱ्या तुकड्यापर्यंत पोचले, हे शोधून काढावे. चाचणीसाठी क्रोममधील वेग कमी करण्याची सोय एका मर्यादेपर्यंत ठीक आहे, पण ती मागणीच्या पातळीवर वेग रोखते, पॅकेट हरवत नाही. लिनक्सचे नेटेम हे साधन पॅकेट हरवते, विलंबही घालते. शेवटी मात्र साधा फोन घेऊन एखाद्या गावाबाहेरच्या बागेत जाऊन पाहण्याला पर्याय नाही.

राहिले यूट्यूब. वर सांगितलेले पायऱ्या, तुकडे आणि जवळची साठवण हे सगळे ते आधीच करते, आणि अनेक इंटरनेट कंपन्यांच्या जाळ्यातच गुगलचे साठवण-सर्व्हर बसलेले असल्याने एवढ्या जवळून आपण कधीच देऊ शकणार नाही. त्यामुळे छाटणीसारखे सर्वांसाठी खुले व्हिडिओ तेथे ठेवायला माझी हरकत नाही. उलट आपला बँडविड्थचा खर्च वाचेल. पण त्याची सर्वांत खालची पायरी १४४पीची आहे, आणि ६४ केबीपीएसवर तीही पुरेशी पोचत नाही. काळ्या माशीचे पान तर तिच्यात दिसणारच नाही. आपल्या संस्थेचे मर्यादित मनुष्यबळ व्हिडिओच्या वरच्या पायऱ्या स्वतः बांधण्यात न घालवता आवाज आणि छायाचित्रांच्या त्या खालच्या पायरीवर लावावे, तिच्याखाली यूट्यूबचा दुवा द्यावा, आणि खासगी किंवा सभासदांपुरते व्हिडिओ वाढले तरच स्वतःच्या एचएलएसकडे वळावे. त्या वेळी चार पायऱ्या आणि आवाज मिळून पाच मिनिटांच्या व्हिडिओला सुमारे १०० एमबी साठवण लागेल, म्हणजे दोनशे व्हिडिओंना २० जीबी; हा खर्च किरकोळ आहे. सीडीएन निवडताना दर पाहायचा तो बाहेर जाणाऱ्या डेटाचा.